पर्जन्यजल-निःसारणाची गृहीते: हिंदमाता परिसराच्या निमित्ताने एक चिकित्सा

नगररचनेच्या अभ्यासात पर्जन्यजल-निःसारण हा विषय सामान्यतः स्थापत्य-अभियंत्याकडे सोपवून दिला जातो. नळाचा व्यास, उतार, पंपाची शक्ती हे शब्द आले की समाजशास्त्राचा अभ्यासक आपले काम संपले असे समजतो, आणि अभियंता तर ते सुरूच झाले नव्हते असे मानतो. परंतु रस्त्यावर साचणारे पाणी ही केवळ जलगतीची समस्या नव्हे. किती पाऊस 'नेहमीचा' समजावयाचा, वर्षातून किती वेळा घरात पाणी शिरलेले चालवून घ्यावयाचे, आणि ते कोणाच्या घरात, या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक आराखड्यात दडलेली असतात. ती उघड मांडली जात नाहीत, म्हणूनच त्यांची चिकित्सा होत नाही. प्रस्तुत लेखात मुंबईतील दादर-परळ भागातील हिंदमाता परिसराच्या उदाहरणावरून या गृहीतांचा विचार करावयाचा आहे.

१. भूमीचा पूर्वेतिहास

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरील हिंदमाता चौक बशीसारख्या खोलगट जागी वसलेला आहे. भोवतालच्या भागातून उतारावरून येणारे पाणी येथे जमा होते. हा केवळ दैवयोग नव्हे. मुंबई हा मुळात निरनिराळ्या बेटांचा समूह. त्या बेटांमधील खाजण भरतीच्या वेळी पाण्याखाली जात असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीजवळची खिंड बांधाने बंद करण्यात आली आणि पुढे हळूहळू भरणी होऊन मधली जमीन वसाहतीस मोकळी झाली. समुद्र बाहेर थोपविला गेला. परंतु जमिनीची पातळी मात्र भरतीच्या पातळीच्या वर सर्वत्र आली नाही. समुद्राकडून मिळविलेल्या भूमीवर पावसाच्या पाण्याचा जुना हक्क कायम राहिला.

याच भूमीवर गिरणगाव उभे राहिले. गिरण्यांच्या आवारात मोकळ्या जागा होत्या, काही ठिकाणी तलावही होते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनींच्या पुनर्विकासाचा मार्ग खुला झाला. २००१ मध्ये त्या नियमात झालेल्या दुरुस्तीमुळे सार्वजनिक मोकळ्या जागेसाठी मिळावयाचा वाटा बराच आकसला, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली. या वादाची चर्चा त्या काळी प्रामुख्याने घरे, रोजगार व उद्याने यांच्या अंगाने झाली. त्या जमिनी पाणी मुरविणाऱ्या व थोपवून धरणाऱ्याही होत्या, हा मुद्दा त्या चर्चेत दुय्यम राहिला. निःसारणाचा प्रश्न जमीनवापराच्या प्रश्नापासून अलग करण्याची ही सवयच पुढील सर्व अडचणींच्या मुळाशी आहे.

२. गणितातील निर्णय

रस्त्यावरील गटारांचे आकारमान ठरविण्यासाठी जगभर एक साधे सूत्र वापरले जाते. आयर्लंडमधील मल्व्हनी यांनी १८५१ मध्ये त्याचे मूळ तत्त्व मांडले, आणि अमेरिकेतील कुइचलिंग यांनी १८८९ मध्ये ते नागरी गटारांना लागू केले. अपवाहगुणक, पावसाची तीव्रता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार केला की प्रवाहाचे सर्वोच्च मान मिळते. क्षेत्र हेक्टरमध्ये व तीव्रता तासाला मिलिमीटरमध्ये घेतल्यास त्या गुणाकाराला ३६० ने भागावे, म्हणजे सेकंदाला घनमीटर असे उत्तर येते. अपवाहगुणक म्हणजे पडलेल्या पावसापैकी न मुरता वाहून जाणारा भाग.

मुंबईतील जुनी पर्जन्यजल-व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस आणि ०.५ अपवाहगुणक या मानांवर आधारलेली होती. दहा हेक्टरांच्या वस्तीचे उदाहरण घेतल्यास या मानांनी सेकंदाला सुमारे ३५० लिटर पाण्याची सोय करावी लागते. १९८५ च्या पुरानंतर हाती घेतलेल्या व १९९३ मध्ये सादर झालेल्या बृहन्मुंबई पर्जन्यजल निःसारण अहवालाने, म्हणजेच 'ब्रिमस्टोवॅड'ने, तासाला ५० मिलिमीटर आणि गुणक १ ही माने सुचविली. त्याच दहा हेक्टरांसाठी आता सुमारे १,३९० लिटरांची सोय लागते. पावसाचे मान दुप्पट झाले, गुणकही दुप्पट झाला. म्हणून गटाराची गरज दुप्पट न होता चौपट झाली. सार्वजनिक चर्चेत '२५ वरून ५०' एवढाच उल्लेख वारंवार आढळतो, आणि त्यामुळे कामाचा आवाका निम्म्याने कमी भासतो.

यातील दुसरा बदल अधिक अर्थपूर्ण आहे. गुणक ०.५ धरणे म्हणजे निम्मे पाणी जमिनीत मुरते असे मानणे. गुणक १ धरणे म्हणजे नगरात उघडी जमीन उरलेलीच नाही हे मान्य करणे होय. नगराने आपली जमीन झाकून टाकली याची ही आकड्यांत लिहिलेली कबुली आहे. पण कबुलीबरोबर निर्बंध आला नाही. गुणक एकदा १ धरला की पुढे आवारांत फरसबंदी करावी, पदपथांवर काँक्रीटच्या थरावर विटा बसवाव्यात, रस्त्याच्या कडेची मातीची पट्टीही बुजवावी, यांस आराखड्याची हरकत उरत नाही. सुरक्षिततेसाठी घेतलेले मान अशा रीतीने बेफिकिरीचे समर्थन होऊन बसते.

३. पुनरावृत्तीचा कालखंड आणि जमिनीची किंमत

कोणतेही गटार सर्व पावसांसाठी बांधता येत नाही, हे खरे. म्हणून अमुक काळात किती वेळा गटार अपुरे पडलेले चालेल, हे आधी ठरवावे लागते. यासच पुनरावृत्तीचा कालखंड म्हणतात. तो जलशास्त्राच्या भाषेत व्यक्त होत असला, तरी स्वरूपाने तो सामाजिक निर्णय आहे.

केंद्र शासनाच्या नागरी मलनिःसारणविषयक १९९३ च्या मार्गदर्शिकेत याबाबत दिलेली माने या दृष्टीने मननीय आहेत. निवासी वस्त्यांपैकी नगराच्या कडेच्या भागांसाठी वर्षातून दोनदा, मध्यवर्ती व तुलनेने अधिक किमतीच्या भागांसाठी वर्षातून एकदा, तर व्यापारी व उच्च किमतीच्या भागांसाठी दोन वर्षांतून एकदा गटार ओसंडल्यास ते क्षम्य मानले गेले. यामागील तर्क उघड आहे. जेथे मालमत्ता मोलाची, तेथे पुराने होणारे नुकसान अधिक. म्हणून तेथे अधिक खर्च करणे किफायतशीर. परंतु हा तर्क नुकसान रुपयांत मोजतो, सोसण्याच्या शक्तीत मोजीत नाही. चाळीच्या तळमजल्यावरील खोलीत गुडघाभर पाणी शिरले तर भिजणाऱ्या वस्तूंची एकूण किंमत थोडी असेल. मात्र त्या कुटुंबाच्या दृष्टीने ती त्याची जवळजवळ सर्व चीजवस्तू असते. भिजलेले धान्य, गाद्या, मुलांची वह्या-पुस्तके, बुडालेली दोन दिवसांची मजुरी यांची बेरीज करून एखाद्या मोठ्या दुकानाच्या नुकसानीशी तिची तुलना करणे हे अर्थशास्त्र नव्हे. ती अर्थशास्त्राने टाळलेली जबाबदारी होय.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये नागरी पुरासंबंधी प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत नव्या व्यवस्थेसाठी ०.९५ पर्यंत अपवाहगुणक धरावा, आणि नियोजनाचा पाया प्रशासकीय विभाग नसून पाणलोट असावा, असा आग्रह धरला आहे. २०१९ मध्ये केंद्र शासनाने पर्जन्यजल-निःसारणासाठी स्वतंत्र मार्गदर्शिकाही प्रसिद्ध केली. हे बदल स्वागतार्ह आहेत. तथापि जुन्या मानांनी बांधलेल्या गटारांवर आजही माणसे राहतात. नवीन पुस्तक आल्याने जुना नळ रुंद होत नाही.

४. पाणी साचण्याचे तीन प्रकार

हिंदमाता परिसरातील उपाययोजनांचे मूल्यमापन करण्यापूर्वी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. 'पाणी साचले' या एकाच शब्दप्रयोगाखाली तीन भिन्न घटना एकत्र केल्या जातात.

पहिल्या प्रकारात पाणी गटारात शिरतच नाही. रस्त्याच्या कडेची जाळी पालापाचोळ्याने वा प्लास्टिकच्या पिशव्यांनी बुजलेली असते. किंवा डांबराच्या थरावर थर चढून रस्त्याचा उतारच बदललेला असतो आणि जाळी एकीकडे व पाणी दुसरीकडे अशी अवस्था होते. दुसऱ्या प्रकारात पाणी शिरते, परंतु पुढे वाहत नाही. वाहिनी लहान, गाळाने भरलेली किंवा केबल व जलवाहिन्या आडव्या गेल्याने अडलेली असते. तिसऱ्या प्रकारात पाणी शिरते, वाहते, परंतु बाहेर पडू शकत नाही. कारण वाहिनी जेथे समुद्राला मिळते त्या पातमुखाशी भरतीचे पाणी उभे असते. मुंबईतील बहुसंख्य पातमुखे भरतीच्या पातळीखाली असल्याने हा तिसरा प्रकार येथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

हे तीन प्रकार ओळखण्यास फार मोठी साधने लागत नाहीत. रस्त्यावर पाणी आहे, पण जवळच्या मॅनहोलमध्ये पातळी खाली आहे, तर दोष जाळीचा. मॅनहोलही तुडुंब आहे, मात्र ओहोटी असूनही पाणी उतरत नाही, तर दोष वाहिनीचा. पाऊस थांबूनही पाणी टिकते आणि ओहोटी लागताच उतरते, तर दोष पातमुखाचा. पाण्याची खोली, पावसाचे मान आणि भरतीची वेळ यांची दर पंधरा मिनिटांची नोंद एका पावसाळ्यात ठेवली, तर प्रत्येक चौकाचे निदान बऱ्याच अंशी होऊ शकते. निदानाशिवाय दिलेले औषध जसे क्वचित लागू पडते, तसेच अशा नोंदीशिवाय घेतलेल्या योजनेचे होते.

५. हिंदमाता येथील उपायांची परीक्षा

हिंदमाता परिसराचे पाणी सुमारे दोन-तीन किलोमीटर दूर, रे रोडकडील ब्रिटानिया पातमुखाच्या दिशेने जाते. तेथील उदंचन केंद्र २०१६ मध्ये कार्यान्वित झाले. सेकंदाला ६,००० लिटर उपसणारे सहा पंप तेथे आहेत. म्हणजे एकूण शक्ती सेकंदाला ३६ घनमीटर. पूर्वोक्त सूत्र उलट लावल्यास तासाला ५० मिलिमीटर पाऊस व गुणक १ या मानांनी सुमारे २६० हेक्टर क्षेत्राचे पाणी हे केंद्र उपसू शकेल, असे दिसते. ही शक्ती क्षुल्लक नव्हे. तरीही केंद्र सुरू झाल्यानंतर हिंदमाता येथे पाणी साचणे थांबले नाही, तेव्हा पंप निकामी आहेत असा निष्कर्ष अनेकांनी काढला. वस्तुतः पंप आपल्यापर्यंत आलेलेच पाणी उपसतो. मधल्या वाहिन्यांचा उतार अत्यल्प आणि वहनशक्ती मर्यादित असेल, तर पंपाच्या विहिरीत पातळी खाली व चौकात पातळी वर, असे चित्र दिसणे साहजिकच आहे. तिसऱ्या प्रकारावरील उपाय दुसऱ्या प्रकारच्या दोषाला लागू पडला नाही, इतकाच त्याचा अर्थ.

२०२१ मध्ये हाती घेतलेला भूमिगत साठवण टाक्यांचा उपाय निराळ्या तत्त्वावर उभा आहे. दादर पश्चिमेकडील प्रमोद महाजन कला उद्यान आणि परळचे सेंट झेवियर्स मैदान यांच्याखाली टाक्या बांधून हिंदमाता येथील पाणी त्यांत वळवावयाचे, आणि पाऊस व भरती ओसरल्यावर ते सोडावयाचे, अशी ही योजना. पाणी तातडीने समुद्राकडे पळविण्याऐवजी त्याला काही काळ थांबावयास जागा द्यावी, हा विचार येथील निःसारण-परंपरेत मूलगामी म्हणावा लागेल. खाजणे, तलाव आणि मोकळी आवारे जे काम फुकट करीत होती, तेच काम आता काँक्रीटच्या टाकीकडून मोबदला देऊन करून घेतले जात आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

तरी टाकीची मर्यादा अंकगणिताची आहे. शंभर हेक्टर क्षेत्रावर पडलेला १० मिलिमीटर पाऊस पूर्णतः वाहून आला, तर तो १ कोटी लिटर होतो. तासाला ५० मिलिमीटर पावसात एवढे पाणी केवळ १२ मिनिटांत जमते. अर्थात त्याच वेळी वाहिन्यांतूनही काही पाणी जात असल्याने टाकी इतक्या लवकर भरत नाही. परंतु पाऊस भरतीच्या वेळी तासन् तास टिकला, तर कोणतीही टाकी कधी ना कधी भरणारच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तर कुलाबा येथे त्याच अवधीत सुमारे ७४ मिलिमीटर. अशा पावसासाठी टाकी नसते. ती वर्षातील नेहमीच्या जोरदार सरींसाठी असते. तिच्याकडून पहिल्याची अपेक्षा ठेवणे जसे चूक, तसेच पहिल्याचे निमित्त सांगून दुसऱ्यातील अपयश झाकणेही चूक.

या उपायांच्या जोडीने दोन उड्डाणपुलांच्या मधला रस्त्याचा पट्टा उंच करण्यात आला, जेणेकरून पाणी साचले तरी वाहने जाऊ शकतील. या कामाने पूर्व उपनगरांकडील वाहतूक अडून राहण्याचा त्रास कमी झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु चिकित्सकाने विचारावयाचा प्रश्न असा, की मुळात समस्या कोणाची मानली गेली? उंच पट्ट्यावरून जाणाऱ्या मोटारीची समस्या सुटली. हिंदमाता कापड बाजारातील तळमजल्याच्या दुकानाची, किंवा परळच्या रुग्णालयांकडे पायी निघालेल्या रुग्णाच्या नातेवाइकाची सुटली नाही. रस्ता उंच होतो, तेव्हा त्याच्या दोन्ही कडा तुलनेने खोल होतात. जे पाणी रस्ता सोडते, ते कोठेतरी जातेच. ते जर वाहिनीत गेले नाही, तर उंबरठा ओलांडते. रस्त्याच्या काँक्रीटीकरणाची कामे मुंबईत २०२३ पासून मोठ्या प्रमाणावर हाती घेतली गेली आहेत. अशा प्रत्येक कामात रस्त्याची नवी पातळी आणि लगतच्या घरांच्या जोत्यांची पातळी यांची तुलना आधी नोंदविली जावी, ही अपेक्षा म्हणूनच अवाजवी नाही.

६. देखभाल: विधी आणि व्यवहार

पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई हा महाराष्ट्रातील नगरांचा वार्षिक विधीच होऊन बसला आहे. काढलेला गाळ टनांत मोजला जातो आणि ठरलेल्या टक्केवारीशी त्याची तुलना होते. परंतु गाळाचे वजन हे वाहिनीच्या मोकळेपणाचे माप नव्हे. ओला गाळ जड, सुका हलका. आणि एका ठिकाणचा अडथळा राहिला, तर उरलेल्या सर्व नाल्यातून काढलेला गाळ व्यर्थ ठरतो. मोजावयाचा असेल तर वाहिनीचा मोकळा छेद मोजावा, आणि तोही पावसाळ्याच्या मध्यावर पुन्हा एकदा.

२६ मे २०२५ रोजी नैर्ऋत्य मोसमी पाऊस मुंबईत ११ जून या सर्वसाधारण तारखेच्या सोळा दिवस आधी पोचला. त्या दिवशी हिंदमातासह काही ठिकाणची लहान उपसा-यंत्रणा वेळेवर सज्ज नसल्याचे आढळून आले आणि संबंधित कंत्राटदारांना दंड झाला. दंड योग्यच असेल. परंतु दोष केवळ कंत्राटदाराच्या आळसात शोधणे पुरेसे नाही. सर्व पूर्वतयारी मे महिन्याच्या अखेरीशी बांधलेली असते, आणि पाऊस पंचांग पाहून येत नाही. जी व्यवस्था वर्षातून एकाच मुहूर्तावर जागी होते, ती मुहूर्त चुकताच निरुपयोगी ठरते.

याच देखभालीचा दुसरा पैलू प्राणांशी निगडित आहे. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टीत याच परिसराजवळ, तुंबलेल्या पाण्यातून पायी घरी निघालेल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला. पाणी उतरावे म्हणून झाकणे उघडण्याची प्रथा अनेक वस्त्यांत आहे. ही प्रथा घातक आहे, यात संशय नाही. परंतु ती लोकांच्या अज्ञानातून आलेली नाही. रस्त्याच्या कडेची जाळी पाणी घेत नाही, हे लोकांना अनुभवाने ठाऊक असते. जेथे व्यवस्थेचे योग्य तोंड बंद असते, तेथे माणसे अयोग्य तोंड उघडतात. झाकणाखाली संरक्षक जाळी बसविणे हा आवश्यक उपाय होय. पण पाणी शिरण्याची मूळ तोंडे वाहती ठेवणे हा त्याहून प्राथमिक उपाय आहे, आणि तो सर्वांत स्वस्तही आहे.

७. समारोप

उपरिनिर्दिष्ट विवेचनावरून हिंदमाता येथील सर्व प्रयत्न फसले, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. पातमुखाशी पंप, मध्ये साठवण आणि वाहिन्यांचे रुंदीकरण या तिन्हींचा संयोग झाल्यावर पाणी ओसरण्यास लागणारा वेळ कमी होणे तर्कसंगत आहे. आक्षेप आहे तो यशाच्या कसोटीवर. 'पाणी साचले की नाही' हा प्रश्न वर्तमानपत्राला पुरेसा असेल, परंतु अभ्यासाला पुरेसा नाही. किती पावसात, भरतीच्या कोणत्या अवस्थेत, कोणत्या पातळीपर्यंत आणि किती वेळ पाणी राहिले, आणि ते रस्त्यावर राहिले की घरात, याची सलग नोंद उपलब्ध असल्याशिवाय एका योजनेची दुसरीशी तुलना करता येत नाही.

अशी नोंद ठेवणे विद्यापीठीय विभागांच्या आवाक्यातील आहे. एक मोजपट्टी, एक घड्याळ, भरतीचे कोष्टक आणि जवळच्या पर्जन्यमापकाचे आकडे एवढ्या सामग्रीवर पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा एक गट एका चौकाचा पावसाळा लिहून काढू शकतो. त्यात जोत्यांच्या उंचीची व तळमजल्यावर राहणाऱ्या कुटुंबांची पाहणी जोडली, म्हणजे अभियंत्याचे सूत्र आणि समाजशास्त्रज्ञाची गणना प्रथमच एका तक्त्यावर येतील. वर्षातून किती वेळा आणि कोणाच्या घरात पाणी आलेले चालेल, हा निर्णय त्यानंतरही घ्यावाच लागेल. मात्र तो गुणकात व कालखंडात लपून न राहता, ज्यांच्या घरात पाणी येते त्यांच्या समक्ष घ्यावा लागेल.